लोणार बघून मंगळ कळतो का?

प्रश्न असा आहे: ‘मी भूविज्ञानात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ग्रहांच्या भूविज्ञानाकडे वळायचं आहे. सगळे म्हणतात लोणारला जा, ते मंगळासारखं आहे. मी जाऊन आलो. झाडी दिसली, माकडं दिसली, देवळं दिसली, हिरवं पाणी दिसलं. यात मंगळ कुठे आहे? पृथ्वीवरच्या जागेवरून दुसऱ्या ग्रहाबद्दल खरंच काही सिद्ध होतं, की हे नुसतं दिसण्यातलं साम्य?’

तुम्हाला तिथं मंगळ दिसला नाही, यात तुमच्या नजरेचं काही चुकलेलं नाही. लोणार, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं आघातानं पडलेलं विवर आणि त्यातलं तळं, मंगळासारखं दिसत नाहीच. पावसाळ्यात गच्च होणारी झाडी, बारमाही वाहणारी धार, काठाकाठानं उभी असलेली जुनी देवळं, यातलं मंगळावर काहीही नाही. वीसेक वर्षं मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथं जाते आहे आणि दरवर्षी कुणीतरी काठावर उभं राहून हाच प्रश्न विचारतं. जे विचारत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. ते घरी जाऊन ‘महाराष्ट्रातला मंगळ’ असं अहवालात लिहून मोकळे होतात.

आमच्या क्षेत्रात अशा जागेला सदृश स्थळ म्हणतात, बोलताना सगळे अ‍ॅनालॉगच म्हणतात. गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो. सदृश म्हटलं की आपण अख्खी जागा अख्ख्या ग्रहाशी ताडून बघायला लागतो आणि ते कधीच जमत नाही. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के, हवेचा दाब आपल्या 1 टक्क्याहूनही कमी. हे दोन्ही एकत्र असलेली जागा पृथ्वीवर कुठून आणायची? मिळतो तो एखादा खडक, एखादी प्रक्रिया, एखादा क्रम. म्हणून कुणी एखाद्या जागेला अ‍ॅनालॉग म्हटलं की लगेच विचारायचं: कोणत्या प्रश्नापुरती?

लोणारच्या बाबतीत तो प्रश्न अगदी नेमका आहे. बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, बाहेरून काहीतरी प्रचंड वेगानं येऊन आदळलं, तर त्या बेसॉल्टचं काय होतं?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी सांगते. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात ते बेसॉल्टचे. मंगळाचं कवच बहुतांशी बेसॉल्टचं. 2004 मध्ये स्पिरिट रोव्हर गुसेव्ह विवरात उतरला आणि त्यानं तपासलेले सुरुवातीचे दगड बेसॉल्टच निघाले. म्हणजे मंगळावर जिथं जिथं विवर आहे, तिथं बहुतेक वेळा आघात बेसॉल्टवर झाला आहे. पृथ्वीवर खात्रीशीर ठरलेल्या आघातरचना सुमारे 200, पण त्यातल्या बहुतेक गाळाच्या खडकांत नाहीतर ग्रॅनाइट-नाइससारख्या खडकांत. अमेरिकेतलं प्रसिद्ध मीटिअर क्रेटर वालुकाश्म आणि चुनखडकात आहे. वालुकाश्मावर आघात झाला की त्यातला क्वार्ट्झ, म्हणजे वाळूच्या कणांचं खनिज, बदलतो, त्याच्या खुणा आपल्याला पाठ आहेत. पण बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. मग खुणा कुठे शोधायच्या? तिथं लोणार लागतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या दख्खनच्या लाव्हाथरांत, खूप नंतर, 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर पडलं आणि ते अजून शाबूत आहे.

इथं एक दुरुस्ती करायलाच हवी. ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ हे वाक्य फलकांवर, पाठ्यपुस्तकांत, बातम्यांत सगळीकडे आहे आणि ते बरोबर नाही. ब्राझीलच्या दक्षिण भागात व्हर्जेआव, व्हिस्टा अलेग्रे आणि सेरो जराऊ या तीन आघातरचना लाव्हाच्या पठारातच आहेत. पण त्या मोठ्या आहेत, खूप जुन्या आहेत, झिजल्या आहेत. व्हर्जेआवच्या मध्यभागी तर बेसॉल्टखालचा वालुकाश्म वर उचलला गेला आहे. लोणारचं खरं वेगळेपण असं की ते साधं, वाडग्याच्या आकाराचं, तुलनेनं तरुण आहे, आणि विवरातून बाहेर फेकला गेलेला मलबा अजून काठाभोवती एक किलोमीटरहून लांबपर्यंत सापडतो. एवढं वेगळेपण पुरेसं आहे. त्याला ‘एकमेव’ची गरज नाही.

आता तुम्ही जे पाहिलं नाही ते सांगते. ते डोळ्यांनी दिसतही नाही.

काठाच्या बाहेरच्या उतारावर, शेताच्या बांधांत आणि ओढ्याच्या कापांत तो मलबा दिसतो. काळ्या मातीखाली पिवळट-करड्या भुग्यात बेसॉल्टचे लहानमोठे धोंडे कसेही पडलेले. थर नाही, वर्गवारी नाही. यातले बहुतेक धोंडे आपल्या ओळखीचे असतात. घट्ट काळा पाषाण, ज्यावर हातोडा मारला की ठणकन आवाज येतो. किंवा विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा, गारगोट्यांनी भरलेला खडक. पण मधूनच एखादा तुकडा करडा, जरा हलका लागतो आणि हातोड्याखाली त्याचा आवाज बसका येतो. तो घ्यायचा.

त्याचा पातळ छेद करायचा. 0.03 मिलिमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल असा काप. आधी साधा दख्खन बेसॉल्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, दोन्ही ध्रुवक, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं गाळणारे पडदे, एकमेकांना आडवे लावा. प्लॅजिओक्लेज या बेसॉल्टमधल्या नेहमीच्या खनिजाच्या काड्या दिसतात, करड्या-पांढऱ्या, अंगावर पट्टे असलेल्या. छेद ठेवलेला मंच फिरवला की त्या उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून तुम्ही हे बघत आला आहात. आता लोणारचा तो करडा तुकडा ठेवा. काड्या आहेत. तोच आकार, त्याच कडा, शेजारी पायरॉक्सिन, बेसॉल्टमधलं दुसरं खनिज, रंगीत दिसतो आहे, फक्त त्याला तडे गेले आहेत. मंच फिरवा. पायरॉक्सिन बदलतो. काड्या काळ्याच राहतात. पूर्ण 360 अंश फिरवा, काळ्याच. स्फटिकाचा आकार जसाच्या तसा आहे आणि आत स्फटिक उरलेलाच नाही, काच झाली आहे. ती वितळून झालेली काच नव्हे. वितळली असती तर कडा राहिल्या नसत्या. धक्क्यानं आतली अणूंची रचना एका क्षणात मोडली आणि आकार तसाच थिजला. या पदार्थाला मास्केलिनाइट म्हणतात. त्यासाठी साधारण 2 ते 4 लाख वातावरणांइतका दाब लागतो. लाव्हारसाच्या, वाफेच्या कुठल्याही स्फोटात एवढा दाब तयार होत नाही. लोणार ज्वालामुखीचं की उल्केचं, या जुन्या वादाचा निकाल 1973 मध्ये लागला तो मुख्यतः अशा खुणांवर. त्या अभ्यासात तळ्याच्या पात्रात छिद्रंही घेतली गेली होती. वर शंभरेक मीटर गाळ आणि त्याखाली फुटलेल्या बेसॉल्टचा चुरा निघाला, त्यातही मास्केलिनाइट होतं.

मास्केलिनाइट पहिल्यांदा सापडलं ते लोणारला नव्हे. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये शेरघाटीला एक उल्का पडली. ब्रिटिश कागदांत त्या गावाचं नाव शेरगोटी झालं आणि उल्केलाही तेच नाव चिकटलं. 1872 मध्ये गुस्टाव चेरमाक या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञानं तिच्यात हे काचेसारखं द्रव्य ओळखलं. ती उल्का बेसॉल्टची होती, इतर बहुतेक उल्कांपेक्षा अगदी वेगळी, आणि तिच्यासारख्या उल्कांचा गट पुढे शेरगोटाइट या नावानं ओळखला जाऊ लागला. शंभरेक वर्षं कुणाला कळेना की हा बेसॉल्ट आला कुठून. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात सापडलेल्या अशाच एका उल्केतल्या काचेत अडकलेला वायू मोजला गेला आणि तो व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. शेरगोटाइट मंगळाचे आहेत. मंगळावर काहीतरी आदळलं, तिथला बेसॉल्ट धक्का खाऊन अवकाशात उडाला आणि त्यातला एक तुकडा बिहारमध्ये येऊन पडला.

दोन छेद शेजारी ठेवून बघा. एक मंगळाचा बेसॉल्ट, एक बुलढाण्याचा. दोन्हींत त्याच काळ्या राहणाऱ्या काड्या. तुमच्या ‘यात मंगळ कुठे आहे’ या प्रश्नाचं माझं उत्तर या काड्यांत आहे.

आणि हे नुसतं नवल नाही, त्याचा रोजचा उपयोग आहे. मंगळाची उल्का हातात येते तेव्हा तिच्यावर किती धक्का बसला हे ठरवायला मोजपट्टी लागते. शेरगोटाइट कुठल्या विवरातून निघाला, किती खोलून, हे आपल्याला दिसत नाही. लोणारला धक्का न बसलेला खडकही आहे, थोडा बसलेलाही आहे, पूर्ण वितळलेलाही आहे, आणि तिघांचं मूळ एकच. भूवैज्ञानिक सूसन कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये लोणारचे तुकडे आणि प्रयोगशाळेत मुद्दाम धक्का दिलेला बेसॉल्ट यांची तुलना करून धक्क्याच्या पायऱ्या लावल्या. त्या वेळी डोळ्यापुढे चंद्र होता, मंगळाच्या कामाला त्या नंतर आल्या. पुढे 2011 मध्ये लोणारच्या बेसॉल्टचे औष्णिक अवरक्त वर्णपट, म्हणजे खडकातून उष्णतेच्या रूपात येणाऱ्या किरणांचे आलेख, प्रसिद्ध झाले. प्लॅजिओक्लेजची काच झाली की त्याच्या वर्णपटातल्या ठळक खुणा पुसट होतात. कक्षेतून बघणाऱ्या यानाला तिथं प्लॅजिओक्लेज कमी आणि काच किंवा दुसरंच काही जास्त असं वाटू शकतं. म्हणजे मंगळाच्या एखाद्या प्रदेशाच्या खनिज नकाशात ‘काच’ दिसली तर ती ज्वालामुखीची, हवामानानं झिजलेल्या खडकाची, की आघाताची? लोणारचा तुकडा हातात असला की हा प्रश्न खऱ्या खडकावर तपासता येतो.

माझी एक जुनी चूक सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. पहिल्यांदा स्वतंत्रपणे काम करायला गेले तेव्हा मी आघातात वितळलेले म्हणून चौदा नमुने आणले. सच्छिद्र, काळे, पिळवटलेले. छेद केले तेव्हा बाराजणांत प्लॅजिओक्लेज ठणठणीत, पट्ट्यांसकट. लाव्हाथराचा माथा असाच सच्छिद्र असतो, तो आघाताच्या आधीपासूनच तसा होता. डोळ्यांना जे ‘आघातासारखं’ वाटत होतं ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं, साध्या लाव्हाचं होतं. तेव्हापासून मी बाहेरच्या रूपावरून काही नोंदवत असले तर वहीत शेजारी ‘रूपावरून’ असं लिहिते.

रूपावरून फसण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंद्रावरचं आहे. अपोलो 16 एप्रिल 1972 मध्ये देकार्त नावाच्या उंच भागात उतरलं. ती जागा का निवडली? दुर्बिणीतून आणि कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत तिथं गुळगुळीत मैदानं आणि गोलसर टेकड्या दिसत होत्या. पृथ्वीवर घट्ट, चिकट लाव्हा अशाच टेकड्या घडवतो. तेव्हा हा चंद्रावरचा उंच भागातला ज्वालामुखीचा प्रदेश, असा बहुतेकांचा अंदाज होता आणि अंतराळवीरांची तयारीही ज्वालामुखीचे खडक डोळ्यापुढे ठेवून झाली होती. जॉन यंग आणि चार्ली ड्यूक उतरले, दगड उचलायला लागले, तर जिकडे तिकडे ब्रेक्सिया. फुटलेल्या खडकांचे तुकडे तुकड्यांत चिकटलेले. लाव्हा नाहीच. ती मैदानं म्हणजे दूरच्या महाप्रचंड आघातांतून उडून आलेला मलबा होता.

त्यांना पृथ्वीवर चुकीचं शिकवलं होतं असं मी म्हणणार नाही. उलट, शिक्षण चांगलं होतं म्हणूनच त्या दोघांनी तिथं उभं राहून, हातातल्या दगडाकडे बघून, जमिनीवरच्या तज्ज्ञांचा अंदाज चुकला आहे हे ओळखलं. चूक होती ती एकाच आकाराला एकच कारण देण्यात. टेकडी गोल आहे एवढ्यावरून तिचा जन्म कळत नाही.

हेच उलट्या बाजूनं ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांच्या बाबतीत झालं आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे म्हणून ते आवर्जून सांगते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा मोठा माणूस. 1890 च्या दशकात त्यांनी चंद्रावरची विवरं ज्वालामुखीची नसून आघाताची आहेत असं मांडलं, तेही बहुतेक लोक उलट म्हणत असताना. त्याच काळात ते आज मीटिअर क्रेटर म्हणतात त्या विवरावर गेले. जमिनीखाली मोठा लोखंडी गोळा असेल तर चुंबकसूची हलेल, असा त्यांचा हिशोब होता. सूची हलली नाही. मग त्यांनी प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की हे वाफेच्या स्फोटाचं विवर आहे. 1896 च्या त्यांच्या लेखनात लोणारचाही उल्लेख आहे, तशाच प्रकारचं विवर म्हणून. चंद्राबद्दल बरोबर आणि पायाखालच्या दगडाबद्दल चूक. कारण आदळणारा गोळा तिथं शिल्लक राहत नाही, बराचसा वितळून, वाफ होऊन, विखरून जातो, हे तेव्हा माहीत नव्हतं. लोणार आणि मीटिअर क्रेटर ही दोन विवरं एका जातीची आहेत हे मात्र त्यांनी अचूक ओळखलं होतं. जात कोणती, ते ठरायला मधे जवळजवळ पाऊण शतक गेलं.

आता लोणार कशासाठी चालत नाही ते बघू, कारण तुमच्या प्रबंधात मला हा भाग जास्त वाचायला आवडेल.

पहिली अडचण वयाची. काचेच्या थर्मोल्युमिनेसन्सवरून, म्हणजे तापवल्यावर ती किती प्रकाश सोडते त्यावरून, वय आलं सुमारे 52 हजार वर्षं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे खडकात साठत जाणारा आर्गॉन वायू मोजून, आलं सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटींचा फरक. पहिल्या पद्धतीत साठलेला संकेत काळाबरोबर गळला किंवा भरून थांबला तर वय कमी येतं. दुसरीत, 6.6 कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधला आर्गॉन काच होताना पूर्ण निघून गेला नसेल तर वय फुगतं, त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. मला स्वतःला आर्गॉनचं वय जास्त पटतं, पण विद्यार्थ्यांना मी दोन्ही आकडे लिहायला लावते. कारण उघड आहे. ‘बेसॉल्टमधलं विवर किती वेगानं झिजतं, लोणारवरून मंगळासाठी काढा’ असं कुणी म्हटलं तर तुमचं उत्तर थेट या आकड्यावर उभं आहे, आणि तो दहापट इकडेतिकडे झाला तर झिजेचा वेगही दहापट बदलतो. शिवाय ती झीज मोसमी पावसाची. मंगळावर अब्जावधी वर्षांत जे झालं त्याच्याशी चार महिने कोसळणाऱ्या पावसाची सांगड घालायला फार जपून हात लावावा लागतो.

दुसरी अडचण घळींची. लोणारच्या आतल्या भिंतींवर पाण्यानं कोरलेल्या घळी आहेत. ईशान्येला धारेनं तर काठच कापून काढला आहे आणि खाली तळ्याच्या बाजूला गाळाचा पंखा पसरवला आहे. 2000 मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या छायाचित्रांत मंगळाच्या विवरांच्या भिंतींवर अगदी अशाच घळी दिसल्या तेव्हा खळबळ उडाली होती. वर खोबण, मधे वाट, खाली पंखा. पाणीच, असं कुणालाही वाटेल. पण नंतर तीच ठिकाणं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा टिपली गेली, तेव्हा दिसलं की आज होणारे बदल हिवाळ्यात होतात, जेव्हा भिंतींवर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थर असतो. पाणी वाहायची ती वेळ नव्हे. गोठलेला कार्बन डायऑक्साइड उतारावर धूळ-दगड हलवतो आहे, ही प्रक्रिया पृथ्वीवर निसर्गात कुठेच घडत नाही. म्हणजे इथं आपल्याकडे अ‍ॅनालॉगच नाही, आणि म्हणून आपण हातात होता तो, पाण्याचा, लावून बसलो होतो. जुन्या काळातल्या घळींत पाण्याचा वाटा किती यावर चर्चा अजून चालू आहे.

तिसरी अडचण मातीच्या खनिजांची, आणि ही फार नाजूक आहे. आघातानंतर खडक तापलेला असतो, भेगांत पाणी शिरतं, गरम पाण्यानं बेसॉल्ट बदलून चिकणमातीची खनिजं तयार होतात. मंगळावरच्या विवरांत अशी खनिजं दिसतात, म्हणून लोणारची तपासली गेली आणि गरम पाण्याच्या खुणा सापडल्याही. पण दख्खनचा बेसॉल्ट आघाताच्या आधीच बदललेला होता. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं आणि हिरवी-काळी चिकणमाती ठासून भरलेली असते, हे कुठल्याही खाणीत दिसेल. आणि आघातानंतर आजपर्यंत पाऊस आहेच. म्हणजे एकाच दगडात तीन वेळांचा बदल. लाव्हा थंड होतानाचा, आघातानंतरचा आणि पावसाचा. नमुना पृष्ठभागावरून उचललात तर हे तीन वेगळे करणं जवळजवळ अशक्य. खोल छिद्रातला गाभा हवा.

एका अर्थानं यात चांगलंही आहे. मंगळावरचाही बेसॉल्ट सगळा कोरा नव्हता, बदललेल्या बेसॉल्टवरही आघात झालेच आहेत. पण हा मुद्दा मांडायचा तर आधी कोणता बदल कधीचा ते दाखवून मांडायचा.

तळ्यातल्या जिवांबद्दल थोडक्यात, कारण ते माझं क्षेत्र नाही. पाणी खारट आणि खूप अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून मीठप्रिय सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, हे कारण सांगितलं. विवरातल्या तळ्यात जीव कसा तग धरतो आणि मागे काय खूण ठेवतो, हा मंगळावरच्या जेझेरोसारख्या विवरासाठी खरा प्रश्न आहे. जेझेरोतही एके काळी तळं होतं आणि नदीचा त्रिभुज प्रदेश होता. फक्त लक्षात ठेवा, जेझेरो 45 किलोमीटरचं आहे.

लोणारखेरीज आपल्याकडे दोन ठिकाणं तुम्हाला माहीत असावीत. कच्छमधल्या मातानामढला बेसॉल्टच्या बदलातून झालेलं जॅरोसाइट, लोह आणि गंधक असलेलं खनिज, सापडलं आहे. 2004 मध्ये ऑपर्च्युनिटी रोव्हरला मंगळावर मेरिडियानी नावाच्या मैदानात हेच खनिज सापडलं होतं. ते आम्लधर्मी पाण्यात तयार होतं आणि पाणी भरपूर, दीर्घकाळ राहिलं तर टिकत नाही, म्हणून त्याचं असणं पाण्याच्या असण्याइतकंच पाण्याच्या तुटवड्याबद्दलही सांगतं. दुसरं तमिळनाडूतलं नामक्कल जिल्ह्यातलं सित्तमपुंडी. तिथं अ‍ॅनॉर्थोसाइट हा चंद्राच्या उंच भागातल्यासारखा खडक आहे. तो दळून इस्रोनं चंद्रमातीची नक्कल बनवली आणि लँडर-रोव्हरच्या चाचण्यांना वापरली. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं आणि प्रज्ञान रोव्हरनं मोजलेली माती अ‍ॅनॉर्थोसाइटशीच जुळणारी निघाली. इथं अ‍ॅनालॉगचा प्रश्न वेगळा होता. जन्म कसा झाला हे विचारायचंच नव्हतं. चाक रुतेल का, पाय टेकेल का, एवढंच.

आणि एक उदाहरण असं, जिथं दिसण्यातलं साम्य खरोखर कामी आलं. वॉशिंग्टन राज्यातले ओरबाडलेले बेसॉल्टचे पट्टे एका महापुरानं झाले, असं भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांनी 1923 पासून मांडलं आणि दशकानुदशकं टीका सोसली. मरिनर 9 नं 1971-72 मध्ये मंगळावर प्रचंड मोठ्या कोरड्या वाटा टिपल्या, तेव्हा त्या वाचायला याच भूप्रदेशाचा आधार मिळाला. इथं साम्य का पटलं? कारण एक खूण नव्हती, खुणांचा संच होता. प्रवाहाच्या दिशेनं निमुळती बेटं, तळाचे लांबट चर, कोरडे धबधबे, उंचावरून दुसऱ्या खोऱ्यात सांडलेल्या वाटा, आणि त्या एकमेकींशी योग्य जागी. ब्रेट्झना 1979 मध्ये भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते. संच जुळतो का, हे मी लोणारच्या बाबतीतही विचारते. एकच आकार जुळला तर पुढे जात नाही.

तुम्ही आता काय करावं? पुन्हा लोणारला जायच्या आधी घरी बसून दोन कामं करा. लोणारचा उंचीचा छेद काढा, मोफत मिळणारी उंचीची माहिती आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. मग जेमार्स हे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि मंगळावर दोनेक किलोमीटर व्यासाची दहा विवरं निवडा, काही ताजी, काही झिजलेली. प्रत्येकाची खोली आणि व्यास मोजा. ताज्या साध्या विवराची खोली व्यासाच्या साधारण एक पंचमांश असते. या हिशोबानं लोणार साडेतीनशे मीटरच्या आसपास खोल असायला हवं. आज काठापासून पाण्यापर्यंत दीडशेच्या आत-बाहेर आहे. उरलेले मीटर कुठे गेले, किती गाळाखाली, किती काठाच्या झिजेत, हा ताळेबंद मांडून बघा. मंगळाच्या झिजलेल्या विवरांत तोच ताळेबंद वाळूनं आणि धुळीनं मांडावा लागतो. फरक कुठे पडतो ते तुमचं तुम्हाला दिसेल.

मग जा, पण हिवाळ्यात, गवत बसल्यावर. फार वेळ तळ्याकाठी घालवू नका. भिंतीतले लाव्हाथर बघा. काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कलले आहेत, आघातानं उचलल्यामुळे. होकायंत्रानं पाच-सहा ठिकाणी कल मोजा. मग बाहेरच्या उतारावरचा मलबा बघा, पण दगड उचलू नका. हे अभयारण्य आहे, रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, राष्ट्रीय भूवारसा आहे. नमुन्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी लागते आणि ती तुमच्या विभागामार्फतच मागावी. तोवर विभागाच्या कपाटात जुने छेद असतीलच, कुणीतरी कधीतरी आणलेले. त्यातले लोणारचे शोधा, आडव्या ध्रुवकांखाली ठेवा आणि मंच सावकाश पूर्ण फिरवा. ज्या काड्या काळ्याच राहतील त्यांची जागा वहीत काढून ठेवा आणि तो कागद घेऊन मला परत लिहा.